छिलकेवालीचा डबा

छिलकेवालीनं मला फसवलं. वजनात नाही, मालात नाही. तिथं मला फसवणारा पांढुर्ण्याच्या मंडीत अजून जन्मायचा आहे. हमाली करत करत मी संत्र्याची आडत उभी केली ती समोरच्याचा चेहरा वाचूनच. हिचा चेहरा मात्र मला वाचता आला नाही. जे मला ठाऊक व्हायला हवं होतं, ते ती गिळून बसली.

ती आधी तळहात बघायची. दर शनिवारी सौसरहून बसनं यायची, रसवाल्यांकडून संत्र्याचे छिलके गोळा करायची आणि स्टँडच्या भिंतीला टेकून आपल्या ज्वारीच्या चकत्या विकायची. गिऱ्हाईक वाकलं की म्हणायची, "पंजा दाखवा जी." पापणी न हलवता बघायची, वास घ्यायची आणि हळूच सांगायची, "सकाळी पोळी खाल्ली तुम्ही. हात धुऊन या." चांगली धट्टीकट्टी माणसं तिच्यासमोर हात पाठीमागे नेत. तिची स्वतःची बोटं छिलक्यांनी कायमची पिवळी झाली होती.

माझी मीनू अकरा वर्षांची. वर्षभर ती जेवत होती आणि वाळत होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गव्हातलं ग्लुटेन हिच्या आतड्यांना चालत नाही. कणभर गेलं तरी पोरगी पुन्हा आडवी होईल. ज्वारी द्या, फायबर द्या, असं बरंच लिहून दिलं. शहरातून आणलेली पाकिटं तिनं पहिल्याच घासाला थुंकली. ताट दिसलं की रडायची. म्हणून मी त्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो.

"भाव काय?"

"भाव नंतर भाऊ, आधी शर्त. हा माझा डबा घेऊन जा. याच्यात दुसरं काही पडलं नाही पाहिजे. अन् परत द्याल तेव्हा रिकामाच द्या."

भावात मी कोणालाही खाली आणतो. शर्तीत काय घासाघीस करणार?

आधी मी स्वतः एक चकती तोंडात टाकली. जुन्या रुपयाएवढी, तपकिरी, झाडाची ढलपी असावी तशी. ज्वारीचं पीठ, भरडलेला जवस आणि वाळवून कुटलेले छिलके. जिभेवर कडू लागली, थुंकणारच होतो. मग कडूपणा मागं सरला आणि कवटीच्या आत कोणी संत्रं सोलत असावं तसा वास वर चढला. मला ते काही बरं वाटलं नाही. मीनूनं मात्र पाच खाल्ल्या आणि सहावी मागितली.

एकदा मी विचारलं, "बाई, गव्हाचा एवढा काय राग?"

छिलके निवडता निवडता ती म्हणाली, "राग नाही जी, भेव. माझं पोरगं असंच वाळून गेलं. कोणाले समजलं नाही. अन् मी त्याले ताकद यावी म्हणून रोज पोळी चारून राहिली होती." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गहू घरात फिरते भाऊ. पावलं नाही वाजत त्याची."

भर उन्हात माझ्या मानेवर काटा आला.

चार महिने मीनू सुधारत गेली. गालावर रंग आला, शाळेत जायला लागली. आणि एका शनिवारी सकाळी उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले. माझं डोकं सणकलं. डबा घेऊन स्टँडवर गेलो आणि तो तिच्या पायापाशी आपटला.

"गव्हाचं पीठ मिसळून राहिली तू! पोरगी मारशील माझी?"

सगळा स्टँड गोळा झाला. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं झाकण उघडून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग झाकण लावून विचारलं, "पोरगी आता कशी आहे?" बस्स. उठली आणि बसमध्ये जाऊन बसली.

पुढच्या शनिवारी भर दुपारी डबा आमच्या ओट्यावर होता. भरलेला. आणताना कोणी बघितलं नाही. मी हात लावू नका म्हणालो. मीनूनं चोरून खाल्लं आणि तिला काहीच झालं नाही. मी गोंधळलो.

उलगडा झाला त्यानंतरच्या शुक्रवारी. माझी म्हातारी आई डब्यावर मूठ धरून उभी होती. मुठीतून गहू पडत होते.

"आई, हे काय करून राहिली?"

"कोणाचं भांडं रिकामं जाते का? पहिल्यापासून टाकून राहिली ना मी."

"ती रिकामाच द्या म्हणे ना!"

"म्हणतेच बाई माणूस. आपण ऐकावं का?"

दर शुक्रवारी, विसरायला नको म्हणून, आई चांगले मूठभर गहू टाकून ठेवत असे. उलट्या झाल्या त्या हप्त्यात तळाशी चकत्यांचे तुकडे उरले होते. शनिवारी सकाळी मीनूनं ते गव्हातूनच वेचून खाल्ले होते.

मी आईच्या हातून डबा घेतला. स्वतः घासला, शनिवारी रिकामा ओट्यावर ठेवला. दुपारी तो भरला होता. त्यापुढच्या शनिवारी मी माफी मागायची म्हणून सकाळपासून ओट्यावरच बसलो. पाणी प्यायला आत गेलो, तेवढ्यात डबा भरला. रस्ता रिकामा. आषाढात संत्री कुठली, पण आमच्या ओट्यावर ताज्या सालीचा वास होता.

रविवारी सौसरला गेलो. विचारत विचारत तिचं घर काढलं. दाराला कुलूप. शेजारीण बाहेर आली.

"तिले जाऊन तीन हप्ते होऊन राहिले भाऊ. पांढुर्ण्याहून शनिवारी आली, मंगळवारी वारली. आली त्या दिवशी इथंच अंगणात डबा उलटा केला, गहू वेचले, चिमण्यांले टाकले. मी म्हटलं, सांगितलं का नाही त्याले? तर म्हणे, बुढ्या मायनं मानानं टाकले. पोराच्या समोर तिले कायले मान खाली घालायला लावू? नातीनं उद्या आजीच्या हातचं पाणी नाही घेतलं तर?"

"मग डबा? तीन शनिवार डबा कोण आणून राहिलं?"

शेजारीण आत गेली आणि तिनं कडी लावली. बोरगाव, लोधीखेडा, मोहगाव पालथं घातलं. चकत्या करणारं दुसरं कोणी नाही, तिचं नात्यातलं कोणी नाही. त्यानंतर डबाही आला नाही.

मीनू आता बरी आहे. ज्वारीची भाकर खाते. शनिवार आला की दुपारी ओट्यावर जाऊन बसते, आणि मी तिला आत बोलावत नाही.

पण मी हे प्रकरण सोडणार नाही. माझ्या आईची लाज झाकायचा हक्क त्या बाईला कोणी दिला होता? भरल्या स्टँडवर माझ्या शिव्या खायचा सौदा तिनं मला न विचारता का केला? ते तीन डबे ज्यानं ठेवले असतील, तो माणूस असो की आणखी काही, त्यानं माझ्यासमोर यावं आणि जवाब द्यावा. माफी मी कोणाच्या पायाशी मागू?