वऱ्हाड सिडनीला उतरवणारा निरंजन

निरंजन दुपारी हॉस्पिटलमध्ये वारला आणि संध्याकाळी त्याच्या सिडनीच्या माणसांना ते मी सांगितलं. मला कोणी सांग म्हटलं नव्हतं. त्याची बायको ऋजुता हॉस्पिटलमध्येच होती, आणि मी शेजारीण म्हणून त्यांच्या अमेरिकेतल्या प्लेनोच्या घरी ईराजवळ थांबले होते. ईरा त्यांची एकुलती एक मुलगी, सातवीत आहे. ती वरच्या खोलीचं दार लावून बसली होती. मी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होते, तेवढ्यात टेबलावर राहिलेला निरंजनचा ऑफिसचा फोन वाजायला लागला. तिकडे सकाळ झाली होती, त्यांच्या रोजच्या मीटिंगची वेळ. वाजून वाजून बंद झाला असता, पण मला ते वाजणं सोसेना... मी उचलला. पडद्यावर चार-पाच हसरे चेहरे आले. ‘मॉर्निंग, मेट,’ कोणीतरी म्हणालं. मी माझ्या नागपुरी इंग्रजीत सांगितलं, निरंजन गेला, आज दुपारी. एक तरुण मुलगी रडायला लागली. मग त्यांच्यातला पिकल्या केसांचा एक जण हळूच म्हणाला, ‘पण आम्ही त्याला अजून एकदाही भेटलो नाही.’ मला त्या माणसाचा इतका राग आला म्हणून सांगू. त्याची चूक काहीच नव्हती, तरी आला.

निरंजन मूळचा कोल्हापूरचा. इथे एका जाहिरात कंपनीत कामाला होता आणि त्याच्याकडे काम होतं ते ऑस्ट्रेलियात होणाऱ्या रग्बीच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचं. अमेरिकेतल्या लोकांना त्या सामन्यांची ओढ लावायची, तिकडे न्यायचं आणि तिथे त्यांचं आदरातिथ्य कसं व्हावं ते ठरवायचं. रग्बी म्हणजे काय, हे मी त्याला पहिल्या भेटीतच विचारलं होतं. ‘ताई, कबड्डी आणि कुस्ती एकाच मैदानात लावा आणि वर एक लांबोडका बॉल द्या,’ म्हणाला. मी म्हटलं, मग यात अमेरिकन माणसानं विमानात बसून इतक्या लांब कशाला जायचं? ‘तेच तर माझं पोट आहे,’ म्हणून हसला. हसला की त्याचे डोळे पार मिटून जायचे.

काम मात्र तो असं करायचा, की जणू घरचं लग्न आहे. सिडनीचे लोक आधी विमानतळावर पाट्या घेऊन उभे राहायचे, कागद तपासायचे, हातात पिशवी द्यायचे आणि बसमध्ये बसवायचे. निरंजननं ते सगळं मोडून काढलं. त्याचं म्हणणं, वऱ्हाड उतरलं की आधी पाणी, मग चहा, मग प्रवास कसा झाला हे विचारायचं, कागदबिगद नंतर. प्रत्येक बसमध्ये एक तरी ‘घरचा माणूस’ हवा, ज्याला काय हवं ते मागायला संकोच वाटणार नाही. सामन्याआधीच्या जेवणात मोठ्या साहेबानं स्टेजवर भाषण न करता टेबलाटेबलाशी जाऊन ‘सावकाश होऊ द्या’ म्हणायचं. हे त्यानं त्या गोऱ्या लोकांना इंग्रजीत कसं पटवलं देव जाणे, पण पटवलं. तिकडे जुलैमध्ये थंडी असते हे आपल्या अमेरिकनांना ठाऊक नसतं, म्हणून जाहिरातीच्या फिल्ममध्ये त्यानं हट्टानं एका आजोबांच्या अंगात स्वेटर घालायला लावला. कंपनीचे लोक म्हणाले, ऑस्ट्रेलिया म्हटलं की ऊन दाखवायचं. हा म्हणाला, ‘पाहुणे कुडकुडले तर तोंड मी काय दाखवू?’ असा माणूस.

आणि हा माणूस ऑस्ट्रेलियाला कधीच गेला नाही. ऑफिस तिकीट द्यायला तयार असायचं, दर वर्षी. पण इथे कामाच्या व्हिसावर राहणाऱ्या आपल्या पोरांना विचारा, देशाबाहेर पाय टाकायचा म्हटलं की आधी वकिलाला फोन लावतात. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असते. बाहेर गेलं की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही, आणि तो मिळेलच असं छातीठोकपणे कोणी सांगत नाही. घर इथे, पोरीची शाळा इथे, आणि आपण पलीकडे लटकलेले. म्हणून ही पोरं भावाच्या लग्नाला जात नाहीत, बापाच्या दहाव्यालासुद्धा फोनवरून हात जोडतात. निरंजनही दर वर्षी हो म्हणायचा आणि दर वर्षी कॅन्सल करायचा. ‘ग्रीन कार्ड आलं की पहिलं सिडनी,’ म्हणायचा. त्या रांगेत त्याचा नंबर कधी येणार होता हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

एकदा त्यानं आम्हा इथल्या मराठी मंडळाच्या लोकांना कॉलनीच्या क्लबहाऊसमध्ये सामना बघायला बोलावलं. तिकडे शनिवारची संध्याकाळ, म्हणजे आमच्याकडे शनिवारची पहाट. आम्ही पोहे आणि चहाचे थर्मास घेऊन गेलो. मैदानावर सगळे एकमेकांच्या खांद्यात डोकी खुपसून वाकले, तर आमचे जोशीकाका म्हणाले, ‘हे उठणार कधी?’ सगळे खो खो हसत होतो. निरंजनचं लक्षच नव्हतं. तो बॉलकडे बघतच नव्हता. कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला की हा खुर्चीतून अर्धा उठायचा. मध्येच माझा दंड धरला. ‘ताई, ती बघा, डावीकडे निळ्या टोप्या. ती आमची माणसं.’ दोन-चार सेकंद दिसली असतील. ‘पांघरुणं दिलीत त्यांना, दिसलं ना?’ म्हणाला. मला निळ्या टोप्यासुद्धा धड दिसल्या नव्हत्या, तरी मी हो म्हटलं.

मग पोटात दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी, ॲसिडिटी म्हणून गोळ्या खात राहिला. निदान झालं तेव्हा डॉक्टरांचा चेहराच सांगत होता, असं ऋजुता म्हणाली. आणि इथून पुढे जे झालं ते आठवलं की माझा जीव नुसता तडफडतो. कारण त्याला आजारी पडायचीसुद्धा मुभा नव्हती. नोकरी होती म्हणून व्हिसा होता, व्हिसा होता म्हणून ऋजुता इथे राहू शकत होती, आणि इन्शुरन्सही त्या नोकरीचाच. केमोची सुई हातात आणि मांडीवर लॅपटॉप, अशा अवस्थेत तो पुढच्या सामन्यांच्या फिल्म पास करत बसायचा. मी त्याला केमोला ड्राइव्ह करून न्यायचे. एक दिवस मला राहवलं नाही. ‘काय करून राहिलास तू हे? मर ना जरा शांतपणे,’ असं माझ्या तोंडून गेलं. मी फटकळ आहे, सगळे जाणतात. तो चिडला नाही. ‘ताई, मी मेलो की त्याच दिवशी ऋजुताचा इथला हक्क संपतो,’ म्हणाला. ‘ईरा इथं जन्मली, तिला कोणी हात लावणार नाही. पण आईशिवाय ती काय करणार? ऋजुताला नोकरी लागेपर्यंत मला टिकायचंय.’ नोकरी म्हणजे व्हिसा देणारी नोकरी. ऋजुता आर्किटेक्ट आहे. इतकी वर्षं घरात गेलेली. ती हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून फोनवर इंटरव्ह्यू द्यायची, आणि आत हा तोंडावर हात दाबून ओकारी थांबवायचा, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. सगळे गोड बोलायचे. व्हिसाचा विषय निघाला की मग फोन येत नसत.

टिकला नाही. टिकतो कसला... शेवटी शेवटी पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. जायच्या आधी काही दिवस त्यानं मला जवळ बोलावून विचारलं, ‘ताई, अजून एखादी ओळख नाही का तुमची?’ मी माझ्या कंपनीत, मुलाच्या कंपनीत, डेंटिस्टकडेसुद्धा विचारून बसले होते. नाही म्हणताना माझी मान वर होईना. जगभरच्या अनोळखी माणसांना पाय ठेवताक्षणी पाणी मिळावं म्हणून झटलेला हा माणूस, त्याच्या बायकोला या देशात राहायला जागा द्या म्हणून मी दारोदार फिरत होते आणि प्रत्येक जण आधी कागद मागत होता. मला कोणी तत्त्वज्ञान सांगू नये. हे चूक आहे, बस.

वकिलानं सांगितलं, ऋजुताला देश सोडायला फार दिवस हातात नाहीत. परवा आवराआवर करायला गेले. ऋजुता म्हणाली, खोकी विकत आणायला हवीत, त्याआधी माळ्यावर काही आहे का बघू. गॅरेजमधली शिडी लावून मी वर चढले. वर त्यांच्या घरात आजवर आलेल्या प्रत्येक वस्तूचं खोकं होतं. टीव्हीचं, मिक्सरचं, ऋजुताच्या शिलाई मशीनचं, दिव्यांची... सगळी घडी घालून, नीट बांधून, भिंतीला टेकवून ठेवलेली. घर घेतलं तेव्हा हाच माणूस सगळ्यांना सांगत सुटला होता, आता आम्ही कुठेही जात नाही. ऋजुताला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी एकेक खाली देत होते आणि ती घेत होती. अगदी मागे ईराच्या पाळण्याचं खोकं निघालं. पाळणा केव्हाच कोणाला तरी देऊन झालाय.

ईरा दारात उभी होती. ‘सो बाबा न्यू?’ तिनं विचारलं. ऋजुता खोक्याची दोरी सोडत राहिली. ती मराठी क्वचितच बोलते, पण मग मराठीत म्हणाली, ‘मावशी, बाबाला माहीत होतं, आपल्याला जावं लागणार?’ मी शिडीवरच होते. तिनं ते पाळण्याचं खोकं उचललं, उलगडलं, तळाला टेप लावून उभं केलं, आणि ऋजुता त्यात तिची पुस्तकं भरायला आली तशी स्वतःच पाय पोटाशी घेऊन त्यात बसली. ऋजुता हातात पुस्तकं घेऊन उभी राहिली. मी, जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही ती मी, त्या पोरीला ऊठ म्हणू शकले नाही.