मी नसलेली आमची दक्षिण सहल

मंडळी, आज दुपारपासून डोकं तापलंय.

मोहाडीला माहेरच्या घरी आम्ही सगळे जेवत होतो. धाकटा भाऊ त्याच्या नातवंडांना जुना फोटो दाखवत ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची आमची सहल सांगत होता. मद्रास, रामेश्वरम, कन्याकुमारी, येताना म्हैसूर. नात माझ्याकडे बघत म्हणाली, "फोटोत मोठी आजी कुठाय?"

"ताईले फिरायची आवडच नव्हती," भाऊ म्हणाला.

आवड नव्हती? कुठे गाडी बदलायची, कुठे मुक्काम करायचा, हे सगळं मी बाबांसोबत नकाशा पसरून ठरवलं होतं! निघायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "धान कापणीवर आला. आजोबाचा, मजुराइचा सैपाक कोण करन? तुले पुढच्या वर्षी नेतो." आई-बाबा आणि दोघे भाऊ गेले. पुढच्या वर्षी माझं लग्न लावून दिलं.

मी हातातला घास खाली ठेवला. "मले लय आवड होती. तुमी मले नेलं नाही. पोराइले खरं सांग."

"एवढ्या जुन्या गोष्टीचा राग कायले धरून राहिली?"

मी ताटावरून उठले.

न नेल्याचं दुःख मी केव्हाच गिळलं होतं. पण माझी इच्छाच नव्हती, असं माझ्यासमोर सांगायचं?

तुमच्या घरी "तिला आवडच नाही" असं कोणाबद्दल म्हणतात? तिला कधी विचारलंय?