तिसरा रकाना

चपला काढल्या की आमच्या नव्या सहकारी बाई टाचेवर गिरकी घेत आणि चपलांची तोंडे दाराबाहेर करून ठेवत. आमच्या केंद्राची फरशी लाल मातीने भरू नये म्हणून चपला बाहेर काढण्याचा नियम मीच घातला होता. इतरांच्या चपला आत तोंड करून पडलेल्या असत. ह्यांच्या तेवढ्या निघायच्या तयारीत. पहिल्याच दिवशी मी ते पाहिले आणि मला ते आवडले नाही.

"बाई, आत्ताच आलात. जायची एवढी घाई?" मी विचारले.

"परत निघताना वळायला वेळ जातो, सर," त्या म्हणाल्या. चेष्टा नव्हती. त्यांना चेष्टा करता येत नसे, असे मी पुष्कळ दिवस समजत होतो.

विद्यापीठाच्या कृषी अर्थशास्त्र विभागाचे एक लहान केंद्र शहापूरला होते. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील भातशेतीचा अभ्यास करणे हे आमचे काम. मी केंद्रप्रमुख. विभागाचे सहामाही वार्तापत्रही माझ्याकडे असे. त्यात कोणाची पदोन्नती झाली, कोणाचा निबंध कोठे वाचला गेला, अशा बातम्या येत आणि शेवटच्या पानावर 'नवे सहकारी' हे सदर असे. त्या वर्षी दोन सहायक प्राध्यापक नव्याने रुजू झाले. एकाने स्वतःविषयी दीड पान मजकूर दिला, त्यात शाळेतील वक्तृत्वाचे बक्षीसही होते. दुसऱ्या ह्या बाई; त्यांनी तीन स्मरणपत्रांनंतर एक चिठ्ठी दिली. तीवर लिहिले होते: 'राहणार किन्हवली. आवणी येते.'

इकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. मी चिठ्ठी परत केली.

"पदव्या लिहा. प्रबंधाचा विषय लिहा."

"त्या अर्जात आहेत, सर. हे अर्जात नव्हतं."

मी अर्ज काढला, पदव्या उतरवल्या आणि चार ओळी स्वतःच लिहून छापल्या. चिठ्ठी का कोण जाणे, टाकून दिली नाही.

अशी माणसे आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेली असतात. ती खुर्चीच्या कडेवर बसतात, पिशवी खांद्यावरून उतरवत नाहीत आणि समोरचा बोलत असताना खिडकीबाहेर पाहतात. बैठकीत त्या पहिली पाच मिनिटे बसत आणि मग भिंतीला टेकून उभ्या राहत. आमचा शिपाई त्यांच्यापुढे चहा ठेवी आणि तासाभराने थंड झालेला कप उचलून नेई. तो एकदा सर्वांदेखत म्हणाला, "मॅडमचा चहा म्हंजे देवाचा निवद. नुसता दाखवायचा." सगळे हसले. त्याही हसल्या आणि कप तसाच ठेवून उठल्या. मुरबाडची एसटी सुटायची होती.

त्यांचे पालुपद एकच होते. कोणताही प्रश्न निघाला, कोणताही आकडा वादात सापडला, की त्या म्हणत, "सर, बांधावर येता का?" मी म्हणे, "आकडे इथे आहेत." त्या म्हणत, "हो सर. पण बांध तिकडे आहे." आणि जात. संध्याकाळी परत येत तेव्हा सलवारीच्या कडा वाळलेल्या चिखलाने ताठ झालेल्या असत.

आता माझ्या नमुन्याविषयी सांगितले पाहिजे, कारण सगळे त्यावरच येऊन थांबले. गावोगावच्या शेतात कोणत्या कामाला किती माणसे लागली हे नोंदवण्यासाठी मी तरुणपणी एक नमुना तयार केला होता. त्यात श्रमाचे दोन रकाने होते. पहिला घरच्या माणसांचा, दुसरा मजुरीने आणलेल्या माणसांचा. त्या नमुन्यावर माझे नाव झाले. त्यावर मी निबंध लिहिले, विद्यार्थी घडवले. तो विभागात प्रमाण मानला जात होता.

रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्याअखेर त्या भरलेल्या नमुन्यांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आल्या. टोकावड्याच्या बाजूचे नमुने वेगळे काढले होते.

"सर, ह्यात आवणीपुढे दोन्ही रकान्यांत रेघ आहे."

"मग तेथे माणसे लागली नसतील."

"आवणीला?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आपल्या कागदावर टोकावड्याचं भात आपोआप उगवतं, सर."

त्यांनी जे सांगितले ते मला ऐकून माहीत होते. पण माहीत असणे निराळे आणि मोजणे निराळे. तिकडे सावड चालते. आज पाच घरच्या बायका मिळून एकीचे शेत लावतात, उद्या दुसरीचे, परवा तिसरीचे. पैसा हिंडत नाही, दिवस हिंडतात. एकीने दिलेला दिवस दुसरीने फेडायचा. मग आमचा नमुने भरणारा माणूस बांधावर जाऊन विचारी, "घरच्या किती?" बाई सांगे, "दोघी." "मजूर किती?" बाई चिडून म्हणे, "मजूर नाय लावला कोनी." शेतात तर दहाजणी दिसत; गोंधळून तो दोन्ही रकान्यांत रेघ ओढी. ती बाई खोटे बोलत नव्हती, आमचा माणूसही कामचुकार नव्हता. तिसरे काही असू शकते हे नमुन्याला ठाऊक नव्हते. नमुना माझा होता.

"तिसरा रकाना हवा, सर," त्या म्हणाल्या.

"रकाना वाढवला की मागची सगळी वर्षे त्याच्याशी जुळेनाशी होतात."

"ती आत्ताही जुळत नाहीत." मग नेहमीचे आलेच. "बांधावर येता का?"

पुढच्या आवणीला मी गेलो. कदाचित त्या पालुपदाचा कंटाळा आला असावा.

टोकावड्याच्या अलीकडे, रस्त्याच्या खालच्या अंगाला एक खाचर होते. दहाबारा बायका ओळीने वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकचे कागद. माझ्या सहकारी बाई पिशवी बांधावर ठेवून सरळ चिखलात उतरल्या आणि ओळीत मिसळल्या. मी त्यांना पहिल्यांदाच एका जागी स्थिर पाहिले. वाकल्या आणि मग वर पाहिले नाही. हात भराभर चालत होते आणि रोपांची ओळ सरळ पडत होती. चिठ्ठीतील मजकूर खरा होता.

मी छत्री धरून बांधावर उभा होतो. ओळीच्या टोकाला एक म्हातारी होती. तिने मान वर केली.

"हे कोन गो, ताय?"

"आमचे मोठे सर आहेत."

"मोटे हायेत ते दिसतंय. कोनाच्या सावडीला आलेत?"

बायका हसल्या. बाईंनी मान वर न करता सांगितले, "तुमच्याच."

"मंग उबं राहून भात लागत नाय, सर," म्हातारी म्हणाली. "आवणी येत नसंल तर मुठी तरी टाका."

मूठ म्हणजे रोपांची जुडी. मी बूट काढले, विजार दुमडली आणि दुपार कलेपर्यंत बांधावरून जुड्या नेऊन लावणाऱ्यांपुढे टाकत राहिलो. दोनदा पडलो. म्हातारी प्रत्येक वेळी म्हणे, "सरांची मूठ वाकडी पडते, गो." जेवताना तिने स्वतःच्या फडक्यातील भाकरीचा अर्धा भाग मोडून माझ्या हातावर ठेवला. नंतर ती गंभीरपणे म्हणाली, "तुमचा एक दीस आमच्याकडं लागला. कदी फेडायचा ते सांगा." मी म्हणालो, "माझे शेत नाही." ती म्हणाली, "नसंना. दीस तर लागला."

मला तो विनोद वाटला. मी हसलोही असेन.

बाईंच्या परिवीक्षेची दोन वर्षे त्या हिवाळ्यात संपत होती. सेवेत कायम होण्यासाठी त्यांनी एक अहवाल सादर करायचा होता, आणि तो समाधानकारक आहे असा माझा अभिप्राय समितीपुढे जायचा होता. घरी त्यांचे वडील आजारी होते आणि नोकरी त्यांना हवी होती. हे मला माहीत होते.

अहवाल उत्तम होता. त्याला तिसरा रकाना होता. मागे एक परिशिष्ट जोडले होते: कोणी कोणाच्या शेतात किती दिवस दिले, कोणते फिटले, कोणते बाकी. नावांची लांबच लांब यादी. मी ती शेवटपर्यंत वाचली. अगदी तळाशी लिहिले होते: 'मोठे सर, शहापूर. एक दिवस. फेड बाकी.'

मी ते पुन्हा वाचले. विद्यापीठाच्या समितीपुढे जाणाऱ्या कागदावर, माझ्याच नमुन्याला चुकीचा ठरवणाऱ्या अहवालात, माझे नाव चिखलात पडलेल्या गड्यासारखे लिहिले होते. ही माझी थट्टा आहे असे मी ठरवले. इतके दिवस त्या चेष्टा करत नव्हत्या त्या ह्यासाठीच, असेही ठरवले. माणूस एकदा ठरवू लागला की त्याला पुरावे सापडत जातात.

मी अभिप्राय लिहिला. 'निरीक्षणे अचूक. नमुना प्रमाणित नाही. परिशिष्टातील काही नोंदी अनुचित. परिवीक्षा काळ वाढवावा.' एवढेच. शब्द मोजून वापरण्याचा मला अभिमान होता.

समितीने परिवीक्षा एक वर्षाने वाढवली. त्या माझ्या खोलीत आल्या. पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली आणि खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसल्या. असे त्या कधीच बसल्या नव्हत्या.

"सर, तुम्ही बघितलं होतं."

"पाहणे वेगळे. प्रमाण वेगळे."

"हो." त्या म्हणाल्या, "अनुचित नोंद कोणती, सर?"

उत्तर देणे मला कमीपणाचे वाटले. त्यांनी समोरचा चहा उचलला, तो संपूर्ण प्यायल्या, कप जागेवर ठेवला आणि गेल्या. शिपाई रिकामा कप हातात घेऊन बराच वेळ दारात उभा होता.

वाढीव वर्ष पुरे व्हायच्या आत त्यांनी माळशेज घाटापलीकडच्या एका संस्थेत कंत्राटी काम धरले. पगार कमी होता असे कळले. वार्तापत्राच्या त्या अंकात मी एक ओळ लिहिली: 'एक सहायक प्राध्यापक स्वेच्छेने सेवामुक्त.' त्यांच्या जागी आलेल्या नव्या सहकाऱ्याचा परिचय त्याच पानावर, छायाचित्रासह दिला. पुढच्या वर्षी मीही निवृत्त झालो. वार्तापत्र आता फोनवर येते. मी ते उघडतो आणि शेवटच्या पानापासून वाचतो.

गेल्या वर्षी दिवाळी उलटली आणि एका सकाळी माझ्या घराचे फाटक वाजले. चार बायका होत्या. पुढे ती म्हातारी होती. तिच्या कमरेला खुरपे होते.

"सर, तुमचं घर हुडकता हुडकता पाय मोडले," ती म्हणाली. "तिकडं हापिसात गेलो तर तुमी नाय. शिपाई म्हनला, सर रिटायर झाले."

"काय काम काढलेत?"

"काम तुमी सांगायचं. तुमचा दीस फेडाया आलोत."

मी नुसताच फाटकाची कडी काढू लागलो. तिला वाटले, मी विसरलो.

"आवणीला मुठी टाकल्या नवं तुमी? वाकड्या टाकल्या, पन टाकल्या. ताय तिकडून फोन करते. बाकी काय नाय इचारत, पयलं इचारते, सरांचा दीस फिटला काय? नाय म्हनलं की गप होते. म्हनलं, एकदा फेडून टाकू. तिला तरी चैन पडंल."

"तुम्ही चौघी? दिवस तर एक होता."

"एस्टीत एकटीला करमत नाय. तिघींचा तुमच्याकडं लागंल." बाकीच्या तिघी हसल्या. "घाबरू नका. तिघींचं आमचं आमी बगू."

"माझे शेत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी तिला पूर्वीही ऐकवले होते.

"मागं काय हाय?"

"थोडी जागा आहे. वाल टोकले आहेत. गवत फार झाले आहे."

"मंग तेच. सरा बाजूला."

मी वाट दिली. त्यांनी पायरीवर चपला काढल्या आणि त्या घरातून मागच्या अंगणाकडे निघाल्या. जाता जाता म्हातारीने मला बजावले, "उबे राहू नका. पानी आना."

मी पाण्यासाठी वळलो आणि मग थांबलो. पायरीकडे पाहिले. चपलांचे चार जोड होते. चारही जोडांची तोंडे घराच्या आत होती.