एक नाव दे

देवळातल्या भंडाऱ्याची पत्रिका छापायला मी अश्विनीच्या ऑनलाइन सेंटरात गेलो. भाचीचा पेन ड्राइव्ह माझ्याच हातानं तिच्या कम्प्युटरला लावला आणि आत दिसलेल्या पहिल्याच चित्रावर ऐटीत दोनदा क्लिक केलं. काहीच उघडलं नाही. निवृत्त मास्तराला अशा वेळी चहा आठवतो. "आलोच वं," म्हणून मी पांढुर्ण्याच्या बस स्टँडकडे सटकलो.

मागं अश्विनीचा पडदा काळा झाला. हिरवी अक्षरं उमटली.

'अश्विनी, दार तूच उघडलंस.'

तिनं माउस हलवला. बाण जागचा हलेना. पडद्यावर नावं सरकू लागली. सुप्रिया, धनश्री, हिरामण... डेस्कटॉपवर तिनं गिऱ्हाइकांच्या नावाचे फोल्डर केले होते, तेच. कोणाचं आधार, कोणाचं पासबुक, कोणाची पेन्शन. नदीपलीकडचं अर्धं सावरगाव त्यात होतं.

"का झालं पोरी?" समोरच्या स्टुलावरून हिरामणबाबांनी विचारलं. अडकलेल्या पेन्शनसाठी ते नदीपलीकडून आले होते आणि धोतराला अंगठा पुसत बसले होते. "मशीन अजून मले ओळखून नाही राहिली का?"

"थांबा बाबा. जरा बसा."

या पोरीचं अख्खं दुकान अंगठ्यावर उभं होतं. तिच्या वडिलांचा, मोतीरामचा, अंगठा एकदा कोणीतरी काही न सांगता घेतला आणि त्यांचं घरकुल दुसऱ्याच्याच वाडीत बांधलं गेलं. तेव्हापासून तिचा नियम होता: माणूस समोर बसलेला पाहिजे, वाचून दाखवलं पाहिजे, मग अंगठा. त्याशिवाय ती फॉर्मवर कोणाचं नावसुद्धा टाकत नसे. लोक चिडायचे. "कलेक्टरीण लागून गेली!" म्हणायचे, आणि पुन्हा तिच्याकडेच यायचे.

ती टेबलाखाली वाकली. हात प्लगपर्यंत गेला.

'वायर काढलीस तर सगळे गेले.'

हात तिथंच गोठला. आपण दिसतोय याला? तिनं कपाळाची टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवली.

'एक नाव दे. बाकीचे सोडतो.'

खाली आकडे उलटे पळू लागले. एक नाव. कोणाचं? बाबांची पेन्शन गेली तर त्यांची चूल विझणार. सुप्रियाची स्कॉलरशिप गेली तर तिचं लग्नच लावून देणार घरचे. मग धनश्री? हीच धनश्री बाजारभर सांगत फिरायची, अश्विनीचे हात गोगलगायीचे म्हणून. तिचं बोट 'ध'वर गेलं. क्षणभर टेकलंही. मग चटका बसल्यासारखं तिनं ते उचललं.

"काहून रडून राहिली वं माय? माया कामासाठी नको रडू. उद्या येतो मी."

बाबांच्या या बोलण्यानं तिला आणखीच भडभडून आलं. आकडे संपत आले होते. तिनं डोळे मिटले, नाव टाइप केलं, एंटर दाबलं.

पडदा काळाठिक्कर. काहीच उरलं नाही.

मी समोसे घेऊन परतलो तेव्हा शटर अर्धं खाली होतं. अश्विनी बँकेला फोन लावून आपलं खातं बंद करा म्हणून विनवत होती आणि हिरामणबाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. तिनं हुंदके देत सगळं सांगितलं. माझ्या हातातला समोसा हातातच राहिला. मी मृणालला, म्हणजे भाचीला, फोन लावला.

"मामा, तो माझा गेम हाय!" ती किंचाळलीच. "कॉलेजसाठी बनवला, भुताचा. कम्प्युटरवरची नावं तेवढी तो उचलते, धमक्या मीच लिहिल्या. त्यातलं काहीच खरं नाही. कोणाचं नाव टाकलं तिनं?"

"स्वतःचं."

मृणालचा आवाज उतरला.

"होस्टेलात सगळ्यांनी मैत्रिणीचंच टाकलं होतं. स्वतःचं टाकलं तर पुढं का होते, ते मी बनवलंच नाही. म्हणून बंद पडला असन."

अश्विनीनं कॅमेऱ्यावरची टिकली सोडवून कपाळाला लावली. वाकडी लागली. मी कान पकडले, समोसा पुढं केला, तरी माझी जीभ गप्प बसेना.

"अवं, पण यादीत माझंही नाव होतं. आग लावणारा मीच. माझंच टाकायचं होतं न!"

तिनं शटर वर ढकललं, हिरामणबाबांपुढं मशीन ठेवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"तुमचा अंगठा कोठी होता मायापाशी, गुरुजी?"