पायाळू सर्जेराव

आमच्या स्टुडिओत फोटो काढायला येणाऱ्यांपेक्षा कंबर धरून येणारेच जास्त, असं आमचे मालक रशीदभाई म्हणायचे आणि ते अगदीच खोटं नव्हतं. चिकलठाण्याच्या कारखान्यातला एखादा गडी ओझं उचलताना उसण भरल्यामुळे वाकडातिकडा होत जिना चढायचा आणि विचारायचा, "पायाळू कोन हाय हितं?" सर्जेराव कॅमेऱ्यामागून तोंड बाहेर काढून म्हणायचे, "फोटू काढायचा का लाथ खायची?" मग चप्पल काढून, त्याला पाठमोरं उभं करून त्याच्या कंबरेला डाव्या पायाचा अंगठा तीनदा लावायचे. "जा. उद्या दुखलं तर डागदरकडं जा, माझ्याकडं येऊ नको." दुसऱ्या दिवशी तोच गडी चार सोबत्यांना घेऊन हजर. त्यातल्या दोघांची कंबर, दोघांचे गेटपासचे फोटो. म्हणजे रशीदभाईंचा धंदा त्या अंगठ्यावरही चालायचा म्हणायला हरकत नाही.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याच्या पायाने उसण जाते, त्याला जमिनीखालचं पाणी कळतं आणि वीज पडली तर हमखास त्याच्यावर पडते, असं आपल्याकडे मानतात. सर्जेराव पहिल्या दोन गोष्टी हसण्यावारी न्यायचे. तिसरीचं नाव काढलं की मात्र त्यांचा चेहरा बदलायचा.

मी त्या स्टुडिओत रिटचिंग करायचे. माझे सासरे देवळातली पूजा सांभाळून तहसिलीत कारकुनी केलेले, नवरा कारखान्यात, आणि सून काचेच्या उजेडावर निगेटिव्ह ठेवून परक्या माणसांच्या चेहऱ्यांवरचे देवीचे व्रण बुजवते, हे आमच्या घरात कुणालाच पसंत नव्हतं. पण माझा हात चांगला होता. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. जिथे फिकट डाग असेल तिथे पेन्सिलीचं टोक टेकवायचं, जिथे काळा डाग असेल तिथे ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडायचं. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं परत येत नाही. हे मला पहिल्याच दिवशी रशीदभाईंनी सांगितलं होतं.

सर्जेराव बिडकीनकडचे, मेंढपाळाच्या घरातले. कॅमेरा त्यांच्या हाती कसा आला ते त्यांनी दरवेळी वेगळं सांगितलं, त्यामुळे मी ते इथे लिहीत नाही. बाहेरची सगळी कामं त्यांच्याकडे असत: कारखान्याचं उद्घाटन, नव्या शेडची पायाभरणी, कामगारांच्या रांगाच्या रांगा. वाळूजच्या माळावर रोज नवं काहीतरी उभं राहत होतं आणि त्या प्रत्येक गोष्टीसमोर कुणीतरी हार घालून उभा असे. सर्जेराव त्यांना सांगायचे, "साहेब, जरा मान खाली. हार दिसंना झालाय." हार दिसतच असायचा, पण साहेबांची मान खाली यायची.

एका दुपारी चहा पिताना त्यांनी मला विजेचं सांगितलं. "आभाळ गरजलं की माय मला कणगीमागं कोंडायची. पोरगं पायाळू, वीज हुडकत येईल म्हून. त्या दिशी मेंढराची पाळी माझी व्हती. ढग आले म्हून मायनं मला ठिवून घेतलं अन् धाकट्याला धाडलं. म्हाद्या त्याचं नाव. बाभळीखाली उभा ऱ्हायला त्यो. त्यो अन् सात मेंढरं."

मी कप खाली ठेवला.

"माय रडली नाय लई. म्हनली, थोरल्यावर यायची व्हती ती धाकट्यानं घेतली. भावासाठी गेला. अजून म्हनती. मी जेवाया बसलो की म्हनती, पोटभर खा, दोघांचं खा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वैनी, घास उतरंल का हो मानसाच्या नरड्याखाली?"

म्हणून त्यांना एक फोटो हवा होता. एकाच कागदावर दोन गोष्टी हव्या होत्या: उघड्या माळावर उभे असलेले सर्जेराव आणि भलतीकडेच पडलेली वीज. वीज कुणाला शोधत नसते, हे मायला दाखवायचं होतं. "सांगून माय ऐकत नाय. म्हनती, तू घरात ऱ्हायलास म्हून वाचलास. कागुद दावला की ऐकंल."

हे ऐकून मला त्यांची दया आली, आणि पुढची आठ वर्षं संताप आला. उन्हाळ्याच्या शेवटी संध्याकाळी ढग भरून आले की हा माणूस हातातलं काम टाकायचा, कॅमेरा आणि तिपाई सायकलला बांधायचा आणि दौलताबादच्या रस्त्याला लागायचा. माळावर तिपाई लावायची, शटर उघडं राहील अशी केबल आवळायची, मग पळत जाऊन कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, वीज पडायची वाट बघायची आणि ती चौकटीत पडली की लगेच हातातला फ्लॅश स्वतःवर मारायचा. वीज पडायची. दर वेळी कॅमेऱ्याच्या पाठीमागे! एकदा वाऱ्याने तिपाई पडली. एकदा भिंगावरचं झाकणच काढायचं राहिलं. एकदा सगळं जमलं, पण रोल चाकावर चढलाच नव्हता. आता डिजिटल कॅमेऱ्यावर लोक बाल्कनीत उभं राहून शंभर फोटो काढतात आणि नव्याण्णव पुसतात. आमच्याकडे एका रोलवर बारा फोटो, आणि ते धुतल्याशिवाय काय आलं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

ते कोरे रोल माझ्या टेबलावर यायचे. रशीदभाई कपाळाला हात लावायचे. "काला आसमान होना क्या मियाँ? डार्करूम में बैठो, मुफत में दिखता."

मी तर सरळ भांडायचे. "दोन लेकरांचे बाप तुम्ही. विजा चमकत असताना उघड्यावर उभं राहणं हा शुद्ध मूर्खपणा आहे."

"मंग झाडाखाली उभा ऱ्हाऊ का?" याचा मला आणखी राग यायचा.

आणखी एक गोष्ट. पायाळूपणावर विश्वास नसलेल्या या गृहस्थाचा, काम आधी बोलून दाखवलं की ते बिघडतं, यावर मात्र गाढ विश्वास होता. माळावर जायच्या आधी कधी सांगायचे नाहीत, आल्यावरही रोल धुवून होईपर्यंत तोंडातून अक्षर नाही. "सांगितलं की इस्कटतं, वैनी." मी म्हणायचे, न सांगता तरी कुठे जमतंय?

त्यातच नामांतराचे दिवस. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावरून शहर दुभंगलेलं. वर्षानुवर्षं तेच चालू: मोर्चा, बंद, जाळपोळीच्या बातम्या, संचारबंदी. ज्यांच्याकडे रोजचं जाणं-येणं, त्या घरांसमोरून माणसं मान वळवून जायला लागली. आमच्या घरातही जेवताना जे बोललं जायचं ते ऐकून मला ताटावरून उठावंसं वाटायचं, आणि मी उठत नसे, याची आज लाज वाटते. सर्जेराव मात्र स्पष्ट बोलायचे. "ज्यानं शिकायला सांगितलं त्याचं नाव शाळंला द्यायला यवढा तरास का म्हून?" त्या काळात एकदा संध्याकाळी त्यांना विद्यापीठाच्या रस्त्यावर पोलिसांनी अडवलं. कोणत्या मोर्चाचा फोटो काढतोस? सर्जेराव म्हणाले, "विजेचा." थट्टा करतो असं वाटून पोलिसांनी कॅमेरा उघडला आणि रोल तिथेच उजेडात ओढून काढला. "वीज बी आता बंदोबस्तात हाय," असं सर्जेराव येऊन म्हणाले, पण त्या दिवशी ते हसले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात, एका मोठ्या बंदच्या आदल्या संध्याकाळी ते भिजून आले, रशीदभाईंच्या हातात रोल दिला आणि उद्या गाड्या मिळणार नाहीत म्हणून तसेच गावाकडे निघून गेले. नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत. बंद लांबला. स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही आत साठलेली कामं उरकत होतो. कारखान्याला गेटपासचे फोटो हवेच होते, बंद असो की नसो. त्या आठवड्यात धुण्याच्या पाण्यात काहीतरी घाण होती आणि जवळजवळ प्रत्येक निगेटिव्हवर केस, रेघा, ठिपके. मी सकाळपासून खरवडत होते.

सर्जेरावांच्या रोलवर अकरा कामगार होते. बारावे स्वतः सर्जेराव. ओल्या शर्टात, ताठ उभे. मला फार बरं वाटलं. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा एकही धड फोटो आमच्याकडे नव्हता. कुणाकडून तरी काढून घेतला असेल, वाटलं. वर डावीकडच्या कोपऱ्यात एक बारीक काळी, फाटे फुटलेली रेघ होती. म्हटलं, याचा फोटो तरी स्वच्छ करून देऊ. मी नवं ब्लेड घेतलं. अकरा कामगारांना मिळून दिला नसेल एवढा वेळ मी त्या एका रेघेला दिला.

चौथ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या आणि सर्जेराव आले. मी प्रिंट त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो पाहिला, मग कोपऱ्यावर बोट ठेवलं. "वैनी, हितं काय व्हतं?"

"रेघ होती. काढून टाकली," मी म्हणाले. "कळतंय का तरी कुठे होती ते?"

त्यांनी निगेटिव्ह खिडकीशी धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"लई सफाईनं काढलीत," ते म्हणाले. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आठ वर्सं! आठ वर्सं मला चुकवलं तिनं, अन् घावली तर तुमच्या ब्लेडाखाली!"

"मला सांगितलं का नाहीत?" मीही ओरडले. मला रडू आवरेना आणि रागही आवरेना.

"सांगितलं की इस्कटतं म्हून!"

"मग आता काय झालं?"

रशीदभाई डार्करूमच्या पडद्याआडून डोकावले आणि परत आत गेले. सर्जेराव स्टुलावर बसून राहिले. त्या दिवशी कंबर धरून एक जण आला, त्याला त्यांनी पाय लावला नाही.

रात्रभर विचार करून मी ठरवलं, वीज मी पुसली, तर साक्षही मीच द्यायची. रविवारी मी तो प्रिंट घेऊन सर्जेरावांबरोबर बिडकीनच्या गाडीत बसले. सर्जेराव नको म्हणत होते, पण फार जोराने नव्हे. माय वस्तीवर दारात लोकर कातत बसली होती. लहानखुरी, पांढऱ्याशुभ्र केसांची बाई. मी तिला सगळं सांगितलं: हा तुमचा मुलगा उघड्या माळावर उभा, वीज इथे या कोपऱ्यात पडलेली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, माझ्याच हाताने खरवडली. देवाशपथ खरं.

तिने प्रिंट डोळ्यांजवळ नेला. मी बोट ठेवलं होतं तिथे तिने आपलं बोट ठेवलं आणि तिथून सर्जेरावांपर्यंत बोटांनी मोजलं. "चार बोटं."

"फोटोत चार बोटं, माय. खरं तर एक-दोन कोस," मी म्हणाले.

"म्हंजी ह्यो भाईर उभा व्हता. अन् ती तिकडं पडली."

"तेच सांगतोय की ग माय!" सर्जेराव पुढे सरकले. आठ वर्षांचं सगळं त्यांच्या तोंडावर आलं होतं. "ती कुनाला हुडकत नाय. पायाळू बघत नाय, का कोन बघत नाय. कुठं बी पडती."

म्हातारीने मांडीवरची चाती खाली ठेवली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग म्हाद्याला का म्हून नेलं?"

तिने फोटो उलटा करून मांडीवर ठेवला.

"इतकी वर्सं म्या म्हनत व्हते, लेकरू भावासाठी गेलं. तुमी सांगायला आलाव, उगंच गेलं."

ती उठून आत गेली. आम्हाला पाणी दिलं, चहा दिला, कोंबड्यांना हाकललं, पण फोटोचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर सर्जेराव विजेमागे कधी गेले नाहीत. वर्षभरात त्यांनी स्टुडिओ सोडला आणि वाळूजच्या एका कारखान्यात लागले. स्वतःच्या गेटपासच्या फोटोला मात्र ते आमच्याकडेच आले. मी त्यांना मायची खुशाली विचारली.

"बरी हाय," ते म्हणाले. "आभाळ गरजलं तरी आता मला आत बोलवत नाय."

"मग हवं होतं तेच झालं की," मी म्हणाले.

त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं. "व्हय. आता आभाळ आलं की मी मुद्दाम दारात जाऊन उभा ऱ्हातो, वैनी. तिनं एक हाक मारावी म्हून." रशीदभाईंनी त्यांना मान सरळ करायला सांगितली. त्यांनी ती केली. "नाय मारत."