हुप्प्याच्या दहाव्याला

हे बायकोलासुद्धा ठाऊक नाही. म्हणजे — मी सांगितलेलं नाही. तिला किती ठाऊक आहे, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. जवळच्या माणसाला सांगायचं तर त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. गडमुडशिंगीच्या पलीकडं आमचं गाव — नाव राहू द्या. गावात निम्म्या घरांवर माझंच आडनाव आहे. गावाबाहेरच्या नव्या प्लॉटांवर मी घर बांधलं, आणि शेजारच्या प्लॉटवर कांबळे सरांनी. तेही विज्ञानाचेच शिक्षक, माझ्याच शाळेत. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, माझ्या हॉलमध्ये टीव्ही. चहा मात्र संध्याकाळी एकत्र.

प्रयोगशाळेत एक जुना तक्ता होता. गिबन, ओरांगउटान, चिंपांझी, गोरिला आणि शेवटी माणूस — सगळे सांगाडे एका ओळीत. कांबळे सर पोरांना आपापला तळहात बघायला लावायचे आणि म्हणायचे, चिंपांझी आपला जवळचा भाऊबंद, आपल्या गावातला हुप्प्या लांबचा. त्याला देव म्हणून पाया पडू नका, नातेवाईक म्हणून जपा. हेच मीही शिकवायचो, जवळपास याच शब्दांत. मी बोललो की पालक हसायचे — मास्तर आमाला माकड म्हणत्यात! कांबळे सर बोलले की कोणी हसत नसे. ते मला दिसत होतं. दिसूनही मी हसण्यावारी न्यायचो.

हुप्प्या म्हणजे कळपातून हाकललेला एकटा नर वानर. काळं तोंड, लांब शेपूट, म्हातारा होत आलेला. गाव त्याला ‘म्हाराज’ म्हणायचं. शनिवारी तो मारुतीच्या देवळाच्या पायरीवर येऊन बसायचा आणि लोक त्याला केळी भरवायचे. मीही भरवायचो — हात जोडून! वर्गात भाऊबंद आणि देवळात म्हाराज, असं माझं दोन्हीकडं चालायचं. कांबळे सर त्याला घराच्या मागच्या बाजूला पाण्याचं घमेलं भरून ठेवायचे, हात न जोडता.

त्यानं माझ्या गच्चीवरच्या सोलरच्या नळ्या फोडल्या. चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या विस्कटल्या, आणि बायको हाकलायला गेली तर तिच्यावर दात काढून धावला. मला राग आला. खरं सांगू? त्याच्यापेक्षा जास्त राग यायचा तो शनिवारच्या माझ्याच हात जोडण्याचा. शेतकरी कुंपणाला झटका मशीन लावतात, त्यानं नुसता चटका बसतो. ते आणायला कोल्हापूरला जावं लागलं असतं. मी कठड्यावर तार ताणली आणि घरातली लाईट सरळ तिच्यात सोडली. उसात डुकरांसाठी लोक असं करतात, तेव्हा वर्गात त्यांच्याविरुद्ध बोलणारा मीच. काय होईल हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

सकाळी, शाळेला निघायच्या आधी तो आला. मी जिन्याच्या दारात होतो. ओरडलो असतो तर तो पळाला असता — नेहमी पळायचा. मी ओरडलो नाही. त्यानं एका हातानं टाकीचा लोखंडी पाइप धरला होता, दुसरा हात तारेवर पडला. तो माझ्याकडं बघत होता. मग तो कठड्यावरून पलीकडं पडला, कांबळे सरांच्या अंगणात. मी बटण बंद केलं, तार गुंडाळली, माळ्यावर टाकली. सगळं सावकाश, नीट केलं. याचीच मला अजून भीती वाटते.

खाली गेलो तोवर दूधवाला ओरडून माणसं गोळा करत होता. कांबळे सर गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडात पाणी घालत होते. कुणीतरी म्हणालं, "सर, काय घातलंसा ओ त्येला?"

"मी कशाला काय घालू? पडलेलाच सापडलाय."

"तुमी तर देव मानतच न्हाईसा."

सरांनी हुप्प्याचा हात उचलला. तळहातावर आडवी काळी रेघ होती, जळल्याची. त्यांनी ती नीट बघितली. मग मान वर करून माझ्या गच्चीकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. मी बोलेन म्हणून ते थांबले होते, हे मला तेव्हाच कळलं. रेघेवर बायकांनी हळद-कुंकू भरलं आणि ती झाकून गेली.

पुढं सगळं माणसासारखं झालं. चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागला, वर हुप्प्याचा फोटो. त्याला खुर्चीत बसवून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मिरवणूक निघाली — हलगी, गुलाल, भजन. मास्तर म्हणून मला चार शब्द बोलायला लावलं. मी म्हणालो, मुक्या जिवाला मारणारा माणूस आपल्यातच आहे, याची लाज वाटते. लोकांनी माना डोलावल्या. असं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं? सहज निघालं, तयारी केल्यासारखं.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. सरपंचांनी निरोप धाडला होता म्हणून कांबळे सरही आले होते, लांब बाभळीखाली उभे. आमच्याकडं कावळा पिंडाला शिवेपर्यंत कोणी घरी जात नाही. शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिली असं धरतात, आणि एकेक जण पुढं होऊन मोठ्यानं वचन देतो. कुणी म्हणालं, म्हाराज, तुमचं देऊळ बांधतो. कुणी म्हणालं, शनिवार चुकवत न्हाई. कावळे झाडावर बसून होते. ऊन चढत गेलं. माणसं पिंडाला खेटून उभी, मग कावळा उतरणार कसा? हे मला समजत होतं. पण एका क्षणी मला वाटलं — माझं नाव ऐकल्याशिवाय तो उतरणारच नाही.

शेवटी सरपंच म्हणाले, "सरा मागं, सगळी सरा." माणसं मागं झाली. मग ते हात जोडून ओरडले, "म्हाराज, ज्यानं तुमास्नी मारलं त्येला गावात ठेवत न्हाई. शपथ हाय!"

कावळा उतरला आणि शिवला.

सगळ्या माना बाभळीकडं वळल्या. अहो, गर्दी मागं सरली म्हणून तो उतरला — एवढं एक वाक्य! माझ्या धंद्यातलं, पोरांना सांगतो तसलं. मी मारलं, हे दुसरं वाक्य म्हणायची लायकी नव्हती, पण हे तरी? ते माझ्या जिभेवर होतं. मी चप्पल घातली आणि लोकांबरोबर चालू लागलो. मला हलकं वाटत होतं. हो, हलकं.

कांबळे सरांवर कोणी हात उचलला नाही. दूधवाला यायचा बंद झाला. दुकानदार त्यांच्याशी बोलेना. वर्गातली पोरं एकेक करून कमी झाली. खिडकीवर दगड आला, त्यांची आई आजारी पडली. संध्याकाळचा चहा मीच बंद केला, कामाची सबब सांगून. वर्ष संपायच्या आत त्यांनी इचलकरंजीच्या शाळेत बदली मागून घेतली. सामानाचा टेम्पो भरला, तेव्हा मी पडद्याआड उभा होतो. ते माझ्या दारात आले, म्हणून मला बाहेर यावं लागलं. ते शिव्या देतील असं मला वाटलं. द्याव्यात असंही वाटलं.

ते हळू आवाजात म्हणाले, "सर, ती तार काढलीसा न्हवं? तुमची पोरं वर खेळत्यात."

मी म्हणालो, "काढली."

त्यांनी मान हलवली आणि टेम्पोत जाऊन बसले. मी आत येऊन दार लावलं.

आता त्यांचे तासही मीच घेतो. हुप्प्याचं देऊळ झालं, कमिटीत मी आहे. गावात नवं कोणी आलं की लोक देऊळ दाखवतात आणि ते रिकामं घरही दाखवतात — हितं ऱ्हात हुता त्यो, म्हाराजाला मारणारा. मी तिथं उभा असलो तर पावण्यांना मान डोलावून सांगतो — व्हय, हितंच.