लॅमिनेट केलेली पदवी

पदवी ही माणसाची आयुष्यभराची सोबत असते. पदवीदान समारंभात प्रमुख पाहुण्यांनी हे सांगितलं, तेव्हा माझ्या अंगात भाड्याचा झगा होता आणि तो पाचच्या आत परत द्यायचा होता.

इतिहास घेऊन मी रत्नागिरीत बी.ए. झालो, दोन हजार साली. आमच्या गावातली पोरं दहावीनंतर होडीवर जात, नाहीतर आखातात. मी कॉलेजात गेलो तो अब्बांच्या हट्टाने. अब्बा मच्छीमार होडीवर तांडेल. जाळं कधी टाकायचं ते ठरवत. लिहीत मात्र सहीपुरतंच.

मामू कुवेतहून सुट्टीवर आले की विचारत, "काय रे भाच्या, झाले का मेलेले राजे पाठ? त्यातला कोण देणार नोकरी?"

"तुमचा जिवंत शेख तरी तुम्हाला ओळखतो का, मामू?"

"जीभ बघा याची!" अम्मी आतून ओरडे.

आणि मग मामूंनीच नोकरी आणली. कुवेतमधल्या एका ऑफिसात कारकून, अट एकच, पदवीधर हवा. मुंबईच्या एजंटाने मूळ पदवी मागितली, मागच्या बाजूला सरकारी शिक्का घ्यायला. मी ती पुढे केली. त्याने तिच्यावर नखाने टकटक केलं. "शिक्का मारू कुठे? प्लॅस्टिकवर?"

माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेला एका पावसाळ्यात बुरशी लागली होती. म्हणून पदवी घरी आली त्याच दिवशी अब्बांनी बाजारात नेऊन ती दोन्ही बाजूंनी, चांगल्या जाड प्लॅस्टिकात, लॅमिनेट करून आणली होती. दुसरी प्रत मिळायला काही महिने लागणार होते. जागा तितकी थांबली नाही.

मला जायचं नव्हतंच, असं मी म्हणणार नाही. पण अब्बा तीन दिवस माझ्याकडे बघत नव्हते. होडी खडकावर घातल्यासारखे ओटीवर बसून होते.

मामू म्हणाले, "बघ! तीन वर्षं फुकट गेली."

"कशावरून?" मी विचारलं. आमच्या वर्गात सहा जण होते आणि सरांनी तीन वर्षं आम्हाला हाच एक प्रश्न विचारायला शिकवलं होतं. "नोकरी आली ती पदवीमुळे. गेली ती प्लॅस्टिकमुळे. यात कॉलेज कुठे चुकलं? आणि प्लॅस्टिक लावलं ते बुरशीमुळे. यात अब्बा कुठे चुकले?"

मामूंनी चहा संपवला. ओटीवर अब्बा खोकले. मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "दुसरी प्रत मी काढणार नाही. हीच भिंतीवर लावा."

त्यांनी लावली. त्यानंतर त्या भिंतीचा गिलावा दोनदा पडला. पदवीवर अजून बुरशीचा एक ठिपका नाही.